चौथ्या मजल्यावरची होडी

डॉक्टरांनी माझं पोट एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून दाबलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सर, हे किती दिवसांपासून आहे?"

"दुखत नाही हो कधी," मी म्हणालो.

"दुखण्याचं नाही, पोटाचं विचारतोय."

शेजारी बसलेल्या अनुजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, परस्पर उत्तर दिलं. "लग्नात न्हवतं. हार घालताना मी नीट बघितलंतं."

मी राजारामपुरीतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवतोय. पृथ्वी गोल आहे हे समजावताना धैर्यशील सरांना वेगळा पृथ्वीगोल लागत नाही, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हटल्याचं मी स्वतः ऐकलं आहे आणि न ऐकल्यासारखं केलं आहे. पण मुलांनी बोलणं वेगळं आणि डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ठेवून बोलणं वेगळं. साखर सीमेवर येऊन उभी होती. चरबीनं सीमा कधीच ओलांडली होती.

"चालायला जात जा म्हणालो असतो, पण तुमचे गुडघे तयार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "रोईंग मशिन घ्या घरात. वल्हवायचं मशिन. गुडघ्यावर आदळआपट नाही आणि सगळ्या अंगाला व्यायाम. बसून करायचा असतो."

बसून! सत्तावीस वर्षं उभं राहून शिकवलेल्या माणसाला हा शब्द ऐकून काय वाटलं असेल, ते शिक्षकांनाच कळेल. मी तिथल्या तिथे होकार दिला.

कोल्हापुरात व्यायामाबद्दल सल्ला न देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ज्यानं उभ्या आयुष्यात तालमीची पायरी चढली नाही, त्याचा निदान चुलता तरी पैलवान असतो. आमच्या खालच्या मजल्यावर भाऊसो राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी झाले. त्यांना जिन्यात बातमी कळली.

"मशिन?" भाऊसो म्हणाले. "सर, मशिन कशाला? फरशी हाय न्हवं घरात? त्या फरशीवर रोज दोनशे जोर मारायचं. वर लिटरभर दूध. माझा चुलता ऐंशी वर्सं जगला."

"जोर मारून?"

"न्हाई, त्यो मारत न्हवता. पर मारला असता तर शंभर जगला असता."

मी दुकान गाठलं.

मी रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. वहीत चार रकान्यांचा तक्ता केला होता, कारण इंटरनेटवर वाचल्याप्रमाणे या मशिनचे चार प्रकार असतात: हवेवर चालणारं, चुंबकावर चालणारं, पिस्टनवर चालणारं आणि पाण्यावर चालणारं. दुकानात राजवर्धन नावाचा एक दणकट विक्रेता होता. त्याचे दंड पाहून मी आपसूक पोट आत घेतलं आणि पुढचा पाऊण तास ते तसंच धरून ठेवलं. त्या दिवशी खरा व्यायाम झाला तो तेवढाच.

हवेचं मशिन ओढल्याबरोबर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला आणि माझ्या वहीची पानं उडाली. पिस्टनचं मशिन आटोपशीर होतं, पण मी त्यावर बसताच ते असं काही कण्हलं की मीच त्याची माफी मागून उठलो. चुंबकाचं मशिन मात्र मला आवडलं. अजिबात आवाज नाही. मी तक्त्यात त्याच्यापुढे बरोबरची खूणही केली. तेवढ्यात अनुजानं विचारलं, "ह्याचा आवाजच येत न्हाई?"

"अजिबात नाही मॅडम," राजवर्धन अभिमानानं म्हणाला.

"मग नको. हे वर बसून झोपलं तरी मला सैपाकघरात कळायचं न्हाई."

अशा रीतीनं पाण्याचं मशिन ठरलं. त्याच्या तोंडाशी पारदर्शक गोल टाकी असते, तिच्यात पंधरा-सोळा लिटर पाणी भरायचं. दांडा ओढला की आतली पाती फिरतात आणि पाणी खळ्ळकन घुसळतं. माझी उंची, पायांची लांबी, हॉलची लांबी असं सगळं मोजून झालं. सात फुटांचं मशिन बसायला सोफा बाल्कनीत जाणार हेही ठरलं. राजवर्धन म्हणाला, "सर, डोळे मिटून ओढा. नदीवर असल्यासारखं वाटतंय बघा." मी डोळे मिटले. खळ्ळ... खळ्ळ... खरंच वाटलं.

मशिन आलं त्या दिवशी खोकं लिफ्टमध्ये मावलं नाही. दोन हमालांनी ते जिन्यानं चढवायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावर, नेमकं भाऊसोंच्या दारात, त्यांनी ते टेकवलं.

"पावणं, हाय तरी काय आत?" त्यातल्या थोरल्यानं घाम पुसत विचारलं.

त्याला रोईंग मशिन काय कळणार, असं वाटून मी सोपं करून सांगितलं. वर्गात सवय असते ना. "होडीच समजा."

हमालानं खोक्याकडे पाहिलं, वर जिन्याकडे पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "चौथ्या मजल्यापतोर पाणी यील म्हंतासा?"

मी हसलो. ती माझी चूक झाली. दाराच्या फटीत भाऊसो उभे होते आणि ते हसले नव्हते.

आता एक लक्षात घ्या. या शहरानं पूर पाहिले आहेत. पण पूर आला की लोक सामान घेऊन राजारामपुरीतल्या नातेवाइकांकडे येतात, राजारामपुरीतून कुणी कुठे जात नाही. अशा ठिकाणी, ऐन जूनमध्ये, एक भूगोलाचा शिक्षक चौथ्या मजल्यावर होडी चढवतो म्हणजे त्याला काहीतरी आतली खबर असणार, हा भाऊसोंचा निष्कर्ष. पाटबंधाऱ्यातला माणूस म्हटल्यावर त्यांच्या निष्कर्षाला वजनही होतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या शिवणक्लासच्या बाईंनी सहा मशिनं दुसऱ्या मजल्यावर चढवली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅसचं जादा सिलिंडर गच्चीवर नेलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, कधी?"

"काय कधी?"

"न्हाई, सांगू नका. समजलं," असं म्हणून त्यानं मेणबत्त्यांचा खोका पुढे काढून ठेवला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मशिन जोडण्यात गुंतलो होतो.

पहिल्या सकाळी सहा वाजता मी शुभारंभ केला. पायांना पट्टे बांधले, दांडा धरला. वल्हवण्याचं शास्त्र मी पाठ केलं होतं: आधी पाय, मग पाठ, मग हात. परतताना हात, पाठ, पाय. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझ्या हातांनी आणि गुडघ्यांनी एकाच वेळी एकाच जागेवर हक्क सांगितला. पण दहाव्या मिनिटाला काहीतरी जमलं. पाय रेटले, पाठ मागे गेली, दांडा छातीशी आला आणि टाकीतलं पाणी मोठ्यांदा म्हणालं, खळ्ळ! मला इतका आनंद झाला की मी जोर वाढवला. फरशी गुळगुळीत होती. प्रत्येक फटक्याला मशिन दोन बोटं बाल्कनीकडे सरकत होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. होडी खरोखरच निघाली होती.

इतक्यात दाराची बेल कुणीतरी दाबून धरली. मी उठलो. म्हणजे माझा वरचा भाग उठला. पाय पट्ट्यांत होते. मी एका बाजूला, मशिन दुसऱ्या बाजूला आणि मधे टीपॉय, असे आम्ही तिघं एकदम आडवे झालो. अनुजानं दार उघडलं. भाऊसो बनियनवर, हातात पान्हा.

"सर, पाणी कुठनं गळतंय? तीस वर्सं कालव्यावर काडली मी, निस्त्या आवाजावरनं विसर्ग सांगतो! टाकी भरून व्हातीया म्हणून मेन कॉक बंद केलाय."

"गळत नाही," मी फरशीवरून म्हणालो. "मी व्यायाम करतोय."

भाऊसोंनी मला पाहिलं, टाकी पाहिली, टीपॉय पाहिला. "जोर मारा म्हटलंतं मी," ते हळहळले. तोपर्यंत खालून वरून आरडाओरडा सुरू झाला होता. सगळी इमारत ऐन अंघोळीच्या वेळी साबण लावून उभी होती.

पुढे मी मशिनखाली जाड रबरी चटई घातली, सकाळी सहाचे साडेसात केले आणि भाऊसोंनी पुराची अफवा मागे घेण्यासाठी बोर्डावर सूचना लावली: "सरांची होडी ही होडी नाही." पण पूर ओसरतो, अफवा ओसरत नाही. ती फिरत फिरत कुठल्यातरी कार्यालयात पोचली आणि एका शनिवारी गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल असे एक सभ्य गृहस्थ दारात आले. पुराच्या तयारीसाठी खासगी होड्यांची यादी करत होते.

"साहेब, ही होडी नाही. व्यायामाचं मशिन आहे."

"ते बरोबर आहे सर, पण तक्रार म्हणा, माहिती म्हणा, आमच्याकडे होडी म्हणून आलीय. ती 'नाही' म्हणून लिहायला आमच्या फॉर्मात जागा नाही." त्यांनी पेन काढलं. "लांबी?"

"सात फूट."

"प्रवासी क्षमता?"

"एक. तोही कसाबसा."

"कुठल्या पाण्यात चालते?"

"तिच्या स्वतःच्याच टाकीतल्या."

त्यांनी "टाकी" असं लिहिलं. मग चहा येईपर्यंत बसून बघू का म्हणाले, पट्टे बांधले आणि वीस मिनिटं उठले नाहीत. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, आमच्या यादीतली एवढी चांगल्या स्थितीतली होडी दुसरी नाही." पंधरा दिवसांनी पत्र आलं: आपली बोट आपत्कालीन प्रसंगी सुस्थितीत उपलब्ध ठेवावी. अनुजानं ते फ्रिजवर लावलं.

एवढं सगळं होऊनही, खरं सांगतो, मला त्या मशिनची गोडी लागली. जुलै संपेपर्यंत मी रोज पाच हजार मीटर ओढायला लागलो. मशिनवरच्या छोट्या पडद्यावर आकडे येतात. त्या आकड्यांसाठी मी हपापायचो. अनुजाही पोहे परततापरतता डोकावून विचारायची, "किती झालं?" आणि माझ्या नकळत ते आकडे तिनं माहेरी कळवायला सुरुवात केली होती.

तिचं माहेर मुरगूडच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावात. सव्वीस वर्षं मी तिथला जावई आहे, पण त्या घरातल्या पुरुषांची मनगटं पाहता मला कुणी कधी कामाला हात लावू दिला नाही. "दाजी, तुमी खुर्चीवर बसा" हे वाक्य मी प्रत्येक लग्नाला, प्रत्येक जत्रेला ऐकलं आहे. ते मानानं म्हणायचे. पण मान आणि अडगळ यांची खुर्ची बऱ्याचदा एकच असते.

ऑगस्टमध्ये तिचा थोरला भाऊ पिराजी याचा फोन आला.

"दाजी, रोज पाच किलोमीटर वल्हवतासा म्हणं?"

"हो, म्हणजे, साधारण तेवढंच," मी म्हणालो. माणसानं खोटं बोलू नये. मी बोललोही नाही.

"मग ऐका. रविवारी गावच्या होड्यांच्या शर्यती हायत. आमच्या होडीतल्या एकाला गांधीलमाशी चावली, हात भोपळ्यासारखा सुजलाय. तुमी या. तुमचीच जागा."

मी फोन ठेवला. अनुजा समोर उभी होती. "दादाला सांगू, तुमास्नी पवाय येत न्हाई म्हणून?"

"खबरदार!" मी म्हणालो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या गावानं मला खुर्चीवरून उठवलं होतं.

रविवारी सकाळी शाळेत परीक्षेचं काम होतं, त्यामुळे आम्ही घाटावर पोचलो तेव्हा सराव संपला होता आणि होड्या रांगेत लागल्या होत्या. काठावर ही गर्दी. हलगी कडाडत होती. पूर उतरून नदी शांत झाली होती, तरी ती टाकीपेक्षा बरीच मोठी दिसत होती. कुणीतरी मला केशरी जाकीट घातलं, त्याचा पट्टा पोटावर पोचेना, तेव्हा पिराजीनं खांद्यावरच्या टॉवेलनं तो बांधला. आठ वल्हवणारे एकामागे एक आणि शेवटी सुकाणूवर पिराजी. माझी जागा पाचवी.

मी इंटरनेटवर परदेशातल्या शर्यती पाहिल्या होत्या. तिथले सगळे वल्हवणारे होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात. शास्त्रच तसं आहे. त्यामुळे मी आत्मविश्वासानं तसाच बसलो. बसल्यावर दिसलं की माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर गुंडू नावाच्या एका अवाढव्य गृहस्थाचं नाक आहे.

"दाजी," गुंडू म्हणाला, "ही शहरातली पद्धत हाय व्हय?"

मी मागे वळून पाहिलं. पुढच्या चौघांच्या पाठी मला दिसत होत्या. सगळं गाव पुढे तोंड करून बसलं होतं. मी वळायला गेलो, होडी डुचमळली आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

आधी पाय, मग पाठ, मग हात! मी डोळे मिटून वल्हं पाण्यात घातलं आणि दोन महिन्यांचा सगळा जोर लावून ओढलं. पुन्हा ओढलं. जोर उत्तम लागत होता. पण शेजारच्या होड्या सटासट पुढे निघाल्या.

"दाजी!" गुंडू माझ्या तोंडावर ओरडला. "आमी सात जण होडी फुडं न्हेतोय आन् तुमी एकटं माघारी न्हेताय की!"

क्षणभर मला ताकदीचा अभिमान वाटला. मग परिस्थिती कळली. तोंड मागे करून ओढलं की होडी मागे जाणार, इतकं साधं होतं. परदेशातली वल्ही होडीला अडकवलेली असतात, इथली हातात. मी वल्हं वर उचललं. आता काय करू? सव्वीस वर्षांनी मिळालेली जागा आणि मी तिथे तोंड फिरवून रिकामा बसलेला. माझ्यामुळे होडी शेवटची होती. पुढचे पुढच्या लयीत, मागचे मागच्या लयीत, आणि वल्ह्यावर वल्ही आपटत होती.

तो गोंधळ पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. सत्तर पोरांचा वर्ग मी माइकशिवाय सांभाळतो. मी वल्ह्याचा दांडा होडीच्या तळावर आपटला आणि ओरडलो, "एक... दोन! एक... दोन! गुंडू, लक्ष कुठंय? एक... दोन!"

गुंडूनं दचकून वल्हं बरोबर टाकलं. त्याच्या मागचे दोघं लयीत आले. पुढच्या चौघांना मी दिसत नव्हतो, पण माझा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात होता. वल्ही एकदम पडायला लागली. होडीनं अशी उसळी घेतली की माझा तोल गेला आणि मी गुंडूच्या गळ्यात पडून सावरलो. मी मान वळवून पाहिलं. समोरच्या काठाच्या गावाची होडी जवळ येत होती. त्या गावाशी आमच्या सासरवाडीचं तीन पिढ्यांचं वैर आहे, त्याचं कारण आता कुणालाच आठवत नाही.

"गाठली!" मी ओरडलो. "एक... दोन! आली बरोबरीला! एक... दोन! मागं पडली! ती मागं पडली रे, मला दिसतेय!"

आता ती माझ्या समोर होती, म्हणजे आमच्या मागे. अख्ख्या होडीत तिचे पडलेले चेहरे पाहायची सोय फक्त मला होती आणि मी ते एकेक करून सगळ्यांना सांगत होतो. "त्यांचा तिसरा दमलाय! सुकाणूवाला शिव्या देतोय! एक... दोन!" पिराजी हसतहसत सुकाणू सांभाळत होता. होडीवर हसू आणि जोर दोन्ही एकदम चढलं.

आम्ही दुसरे आलो. पहिलं कोण आलं, हे गावात अजून कुणी विचारलेलं नाही. समोरचा काठ तिसरा होता, तेवढं पुरे होतं. आनंदाच्या भरात आठही जण होडीत उभे राहिले, आणि होडीला हे मान्य नव्हतं.

पाण्यात जाताना मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. काठावरच्यांना आठवतं, ते अजून सांगतात. जाकीट टॉवेलसकट कानांवर चढलं, नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडले, डोळ्यांपुढे अंधार आला. मग गुंडूचा शांत आवाज ऐकू आला.

"दाजी, हुबं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

सगळा घाट हसत होता. हलगी पुन्हा सुरू झाली होती. फक्त एकच माणूस हसत नव्हतं. अनुजा. काठावरच्या बायकांना मागे टाकून ती पाण्यात उतरली होती, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही चपला हातात, चेहरा पांढराफटक. मी पाणी तुडवत तिच्यापर्यंत गेलो.

"तुला पोहता येतं?" मी विचारलं.

"न्हाई."

"अगं मग उतरलीस कशाला?"

"तुमी वरडलासा म्हणून." आणि तेव्हा कुठे तिला हसू फुटलं. हसताहसता हात हलला आणि एक चप्पल पाण्यात पडली. प्रवाहानं ती उचलली आणि ती मजेत निघाली खालच्या अंगाला.

"अहो, नवी हाय!" अनुजा ओरडली.

मी निघालो. कमरेएवढ्या पाण्यातून, जाकीट सावरत, धपाधपा. चप्पल पुढे, मी मागे. काठावरून कुणीतरी सुरुवात केली आणि मग सगळ्या घाटानं धरलं, "एक... दोन! एक... दोन!" माझे मेहुणे, गुंडू, हलगीवाले, शेवटी तर समोरच्या काठाचं गावसुद्धा. लव्हाळ्याजवळ मी झेप घेतली, पूर्ण आडवा पडलो आणि चप्पल हातात घेऊनच वर आलो. त्या दिवशी नदीवर एवढा मोठा जल्लोष दुसऱ्या कुणासाठी झाला नाही. पिराजी काठावरून हात वर करून पंचांना विचारत होता, ह्या शर्यतीच्या बक्षिसाची ढाल कुणाकडं मागायची म्हणून.